पहिल्या दहा गोष्टींत कोणाला मारू नका

यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्हा तालुक्यात माझं कृषी केंद्र आहे. गल्ल्यावर बसून हा माणूस कथा लिहितो, ही बातमी आसपासच्या गावांत पसरली त्याला बरीच वर्षं झाली. त्यामुळे तणनाशक न्यायला आलेला एखादा पोरगा बिल घडी करून खिशात घालतो आणि त्याच खिशातून दुसरा कागद काढतो. "काका, वाचून पाहा न जरा." मागे गिऱ्हाईक खोळंबलेलं असतं, तरी मी वाचतो.

पहिल्या ओळीत पाऊस दडी मारतो. दुसऱ्या पानावर सावकार येतो. शेवटच्या पानावर निंबाच्या झाडाला दोर असतो. नावं बदलतात, गाव बदलतं, बाकी सगळं तेच. हे मी हसून सांगत नाही. माझ्या उधारीच्या खातेवहीत अशी तीन पानं आहेत ज्यांवर मी पुढे काही लिहिलं नाही, आणि फाडलीही नाहीत. पण गोष्ट म्हणून तो कागद वाचताना त्या माणसाबद्दल मला काहीच कळत नाही. तो पानाला चुना किती लावायचा, बायकोशी शेवटचं कशावरून वाजलं, कापसाची फरदड ठेवायची (म्हणजे त्याच झाडांचा पुन्हा बहर घ्यायचा) की पऱ्हाटी उपटायची यावर भावाशी बोलणं बंद झालं होतं का. दोर आला की लिहिणाऱ्याची सुटका होते. वाचक हळहळतो आणि पान उलटतो.

म्हणून नव्याने लिहिणाऱ्याला माझी एकच अट असते: पहिल्या दहा गोष्टींत कोणी मरायचं नाही. माणूस जिवंत ठेवला की त्याला दुसऱ्या दिवशी सकाळी उठावं लागतं, आणि उठल्यावर काहीतरी करावं लागतं. ते काय करतो, हे शोधायची रीत खाली सांगतो. मला जमली तशी.

आधी वही

बियाण्याच्या कंपन्या दर वर्षी डायऱ्या वाटतात. एक मागून घ्या, आमच्यासारख्यांकडे गठ्ठा पडलेला असतो. तिच्यात सुविचार लिहू नका, स्वतःच्या भावनाही लिहू नका. ऐकलेली वाक्यं लिहा. जशीच्या तशी, आणि पुढे कोण, कुठे, कधी एवढंच.

माझ्या डायरीतली दोन देतो. बसस्टँडवरची म्हातारी: "पोरानं मोबाइल देल्ला, पण बोलाले कोनी नाई देल्लं." दुसरं, कापूस वेचून मोजायला उभ्या असलेल्या बायांपैकी एक: "मालकाचा काटा माह्यापेक्षा लवकर थकते." या वाक्यांखाली 'यातून ग्रामीण स्त्रीची व्यथा दिसते' असं लिहिलंत की वाक्य संपलं. नुसतं ठेवा. दोन वर्षांनी ते कुठल्या तरी गोष्टीत आपोआप जाऊन बसेल.

ऐकायला जागा हवी. एसटीतली मधली सीट, पिठाची गिरणी, सरकारी दवाखान्याची रांग, बाजार समितीत हर्रास, म्हणजे लिलाव, चालू असताना मालाच्या ढिगाजवळची सावली. फोनवर चोरून रेकॉर्डिंग करू नका. ते वाईट तर आहेच, शिवाय कानाला आळस लागतो. घरी येईपर्यंत जे लक्षात राहतं तेच बहुतेक कामाचं असतं.

हे काम आपल्याकडे नवं नाही. अमरावती जिल्ह्यातल्या ऋद्धपुरात तेराव्या शतकात म्हाइंभटांनी 'लीळाचरित्र' सिद्ध केलं, ते एका जागी बसून सुचलेलं नव्हतं. नागदेवाचार्यांना आणि चक्रधरस्वामींच्या सहवासात आलेल्या इतर माणसांना गाठून, विचारून त्यांनी एकेक आठवण गोळा केली. मराठी गद्याची सुरुवात अशी विचारपूस करत, आपल्याच भागात झाली आहे.

एक माणूस, एक दिवस, एक अडचण

'शेतकऱ्याची व्यथा' हा विषय झाला. त्यावर भाषण होतं, मोर्चा होतो, गोष्ट होत नाही. गोष्टीला लागतो एक माणूस, ज्याला आज संध्याकाळपर्यंत एक वस्तू किंवा एक उत्तर हवं आहे, आणि ते मिळवायला नेमकं नको त्या दारात जावं लागणार आहे.

उदाहरण घेऊ. पुंडलिकने वैशाखात बैलजोडी विकली. पोरीच्या नर्सिंगची फी भरायची होती, आणि पेरणी-डवरणी भाड्याच्या ट्रॅक्टरने होते असा हिशेब होता. हिशेब बरोबरच होता. आता श्रावणातली अमावास्या, म्हणजे पोळा, उद्यावर आली. पोळ्यात गावच्या जोड्या ज्या तोरणाखाली उभ्या राहतात, तिथे त्याची जोडी बापाच्या वेळेपासून तिसऱ्या नंबरला उभी राहायची. यंदा तिथे कोण उभं राहणार? गावात जास्तीची जोडी फक्त सुखदेवकडे आहे, आणि सुखदेवशी धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, चार वर्षं बोलणं नाही.

बघा, अजून कोणी वाईट नाही. सावकार नाही, दुष्काळ नाही. ज्याची जोडी विकली गेली त्याचा व्यवहारही चुकलेला नाही. तरी आज खांदशेकणी आहे, पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांचे खांदे शेकतात ती, घरोघर बैलांना 'आज आवतन घ्या, उद्या जेवायला या' म्हणून निमंत्रण दिलं जातंय, आणि पुंडलिकच्या कोठ्यात म्हणायला कोणी नाही. इथून तो सुखदेवच्या दारापर्यंत कसा जातो, एवढीच गोष्ट. लांबून जातो का जवळून? काही निमित्त घेऊन जातो का? दारात सुखदेवऐवजी त्याची बायको भेटली तर काय बोलतो?

हे सगळं लिहायच्या आधी स्वतःला विचारायचं, आणि प्रत्येक प्रश्नाची निदान तीन उत्तरं काढायची. पहिलं उत्तर सगळ्यांना सुचतं, ते टाकून द्यायचं. सुखदेव गहिवरून जोडी देतो, हे पहिलं. सुखदेव हाकलून देतो, हे दुसरं. तिसऱ्यापाशी जरा मजा सुरू होते: सुखदेव जोडी द्यायला तयार आहे, पण म्हणतो की तोरणात कासरा मीच धरीन. किंवा तो पुंडलिकला बसवतो, चहा पाजतो, पावसापाण्याचं बोलतो, आणि पुंडलिकच्या तोंडून शब्दच फुटत नाही. कुठलं घ्यायचं ते लिहिता लिहिता कळतं. मला तर बऱ्याचदा दुसऱ्यांदा लिहिताना कळतं.

एका पोराला मी हीच गोष्ट लिहायला दिली होती. त्याने पुंडलिकला तोरणाखालीच हार्ट अटॅक आणला. म्हटलं, बाप्पा, अट विसरला का?

सुरुवात कुठून

'पोळ्याचा सण होता. गावात उत्साहाचे वातावरण होते.' हे शाळेतल्या निबंधाचं देणं आहे, दहावीनंतर ते फेडून टाका. पहिलं वाक्य अडचणीच्या जितकं जवळ तितकं बरं. पुंडलिकची बायको खुंटीवरची बैलांची घागरमाळ काढून पुसायला घेते, आणि तो म्हणतो, "राहू दे." एवढं पुरे. बैल विकले हे वाचकाला पुढच्या पानापर्यंत सांगायची घाई नाही.

लिहून झाल्यावर पहिलं पान झाकून दुसऱ्या पानापासून वाचा. काही अडलं नाही तर पहिलं पान काढून टाका. माझ्या कथांत चारात तीनदा काढावं लागतं.

बोलीचं काय करायचं

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, आणि इथे गडबडही सगळ्यात जास्त होते.

निवेदन प्रमाण मराठीत आणि माणसांचं बोलणं वऱ्हाडीत, ही पहिली वाट. उद्धव शेळके यांच्या 'धग' या १९६० च्या कादंबरीतली माणसं वऱ्हाडीत बोलतात, ते कसं बसवलंय हे नव्या लेखकाने पेन्सिल घेऊन पाहावं. दुसरी वाट म्हणजे गोष्ट सांगणाराच गावातला धरायचा आणि सगळं वऱ्हाडीत लिहायचं. ती जमली तर सुंदर, पण दोन पानांनंतर दम लागतो. सुरुवातीला पहिली धरा.

आता लेखनात बोली आणायची म्हणजे कानावर पडेल ते सगळं कागदावर उतरवायचं नाही. 'मला'चं 'मले', 'करायला'चं 'कराले'. 'ळ'चा 'य': डोया, काया, पोया. 'ण'चा 'न'. 'जाऊन रायलो', 'येजो', 'पाह्यजो'. यातली चार-पाच रूपं ठरवा, डायरीच्या मागच्या पानावर लिहून ठेवा आणि शेवटपर्यंत तीच पाळा. एका पानावर 'माह्या' आणि दुसऱ्यावर 'माया' झालं की वाचकाला वाटतं छापताना चुकलंय. आणि वाक्य असं ठेवा की सांगलीच्या वाचकालाही अदमास यावा. "तुही जोडी एका दिवसाले देतं का?" यात कळायला अडचण काही नाही.

एकाच गावात सगळे एकसारखे बोलत नाहीत, इकडे लक्ष द्या. तोच पुंडलिक बँकेत मॅनेजरसमोर "साहेब, मला कर्ज पाहिजे होतं" म्हणतो आणि बाहेर येऊन "मले काई देत नाई तो" म्हणतो. त्या 'मला' आणि 'मले'च्या मध्ये बरंच काही लपलेलं असतं. नर्सिंगला गेलेली पोरगी सुटीत घरी आली की पहिले दोन दिवस 'मला' म्हणते, तिसऱ्या दिवशी 'मले'वर येते. लिहा हे. आमच्याकडे बाजारात हिंदी आहे, तांड्यावर बंजाऱ्यांची गोरमाटी आहे, पांढरकवड्याकडे कोलामांची कोलामी ऐकू येते. पूर्वेला भंडारा-गोंदियाकडे सरकलात तर झाडीबोली लागते, तिला वऱ्हाडीचे नियम लावू नका. येत नसलेली भाषा नकली करून लिहिण्यापेक्षा 'तो गोरमाटीत काहीतरी बोलला' म्हणावं.

आणि एक तक्रार. वऱ्हाडी म्हटलं की लोकांना विनोदच आठवतो. आपलेच लेखकही बोली फक्त गड्याच्या तोंडी घालतात, मास्तर आणि नायिका मात्र शुद्ध. आमच्या मायच्या तोंडी रडणंही याच बोलीत होतं.

कथा पाठवताना वर एक ओळ लिहा: 'संवादांतील बोलीरूपे मुद्दाम ठेवली आहेत.' नाहीतर एखादा कर्तव्यदक्ष मुद्रितशोधक तुमच्या सगळ्या 'मले'चं 'मला' करून ठेवतो. माझ्या बाबतीत झालंय.

तारखा, जिल्हे, इंजिनं

गावची गोष्ट लिहिताना आपण तपासत नाही, कारण आपल्याला वाटतं आपल्याला सगळं माहीत आहे. १९९० सालच्या गोष्टीत 'वाशीम जिल्हा' आला की चूक झाली. वाशीम १९९८ मध्ये अकोल्यातून वेगळा झाला, गोंदिया १९९९ मध्ये भंडाऱ्यातून, गडचिरोली १९८२ मध्ये चंद्रपुरातून. बीटी कापसाला परवानगी २००२ मध्ये मिळाली, त्यामुळे त्याआधीच्या शेतकऱ्याच्या हातात ते पाकीट देऊ नका. त्याच्या आधीच्या तीसेक वर्षांत कापूस विकायला माणूस कुठे उभा होता हे कळायचं तर १९७२ ला सुरू झालेल्या एकाधिकार खरेदीबद्दल (शेतकऱ्याचा कापूस फक्त सरकारच घ्यायचं) घरच्या म्हाताऱ्यांना विचारा, बैलबंड्यांच्या रांगांचीच दहा वर्णनं मिळतील. आमच्या दारव्ह्यावरून पूर्वी जाणाऱ्या शकुंतला या छोट्या रेल्वेचं वाफेचं इंजिन १९९४ मध्ये गेलं आणि डिझेलचं आलं. नंतरच्या कथेत तिने धूर सोडत, शिटी मारत कोळसा खाऊ नये. १४ ऑक्टोबर १९५६ ला आजोबा नागपूरला दीक्षेला गेले असं लिहिलंत तर आजोबांचं वय बोटांवर मोजून पाहा. २०२४ च्या गोष्टीत ते पंच्याहत्तर वर्षांचे असतील तर तेव्हा सात वर्षांचे होते, आणि ते बापाच्या खांद्यावर बसून गेले असतील. अशी चूक सापडली की बऱ्याचदा गोष्ट सुधारते.

आपल्या गावातली माणसं

गाव लहान आहे. नाव बदललं तरी लंगडा पाय आणि किराणा दुकान ठेवलंत तर सगळे ओळखतात. एका माणसाची गोष्ट घ्या, दुसऱ्याचा चेहरा लावा, तिसऱ्याचा धंदा. शेजाऱ्यापेक्षा स्वतःच्या घरातलं वापरणं सोपं वाटतं, पण मोठ्या भावाने माझ्याशी एक अख्खा हंगाम अबोला धरला होता, हेही सांगून ठेवतो.

आडनाव लिहिलं की जात लिहिली जाते, घर गावाच्या कुठल्या बाजूला आहे ते लिहिलं की तीच गोष्ट. हे टाळू नका, पण नकळत होऊ देऊ नका. पुंडलिक आणि सुखदेव एकाच समाजाचे असले तर ती एक गोष्ट आहे, नसले तर वेगळी. कोण कोणाच्या ओसरीवर बसतो आणि कोण अंगणात उभा राहतो, हे ठरवल्याशिवाय तुम्हाला चहाचा प्रसंग लिहिताच येणार नाही.

वेळ

रोज पहाटे चारला उठून लिहा, हा सल्ला ज्यांना रात्री हरभरा ओलायला जावं लागत नाही त्यांच्यासाठी आहे. मृगापासून निंदण आटपेपर्यंत फक्त डायरी. वेचणीच्या दिवसांत तेही नाही. खरं लिखाण चैत्र-वैशाखात, जेव्हा वावरात काम नाही आणि दुपारी बाहेर पडता येत नाही. आणि गंमत अशी की दिवाळी अंकांची जुळवाजुळव पावसाळ्याच्या तोंडाशीच सुरू होते. १९०९ मध्ये का. र. मित्र यांनी 'मनोरंजन' मासिकाचा पहिला दिवाळी अंक काढला तेव्हा त्यांनी विदर्भाच्या पीकचक्राचा विचार केला नसेल, पण आपल्याला ते बरं पडतं.

मजकूर मोबाइलवर

कागदावर लिहा, पण पाठवायला टाइप लागतोच. युनिकोडमध्ये करा. गावातल्या झेरॉक्सवाल्याकडे जुना फाँट असतो, त्यात केलेला मजकूर दुसऱ्या संगणकावर उघडला की चिनी भाषेसारखा दिसतो. फोनवर बोलून टाइप करणं जलद आहे, फक्त त्याला वऱ्हाडी येत नाही: तुम्ही 'मले' म्हणा, तो 'मला' किंवा 'माळे' लिहून मोकळा होतो. निवेदन बोलून टाका, संवाद बोटांनी. रोज संध्याकाळी फाइल स्वतःलाच मेल करा. फोन विहिरीत पडतात.

टाइप झाल्यावर मोठ्याने वाचा, आणि शक्यतो ज्याला वाचनाची सवय नाही अशा कोणाला तरी ऐकवा. 'छान आहे' ऐकून घेऊ नका. ऐकताना माणूस कुठे तंबाखू मळायला लागला तेवढं पाहा. तिथे कापायचं.

पाठवणं

एका वेळी एक कथा, एका ठिकाणी. दीड ते साडेतीन हजार शब्दांची असेल तर संपादकाला जागा काढणं सोपं जातं. सोबत चार ओळींचं पत्र: नाव, गाव, फोन, कथा अप्रकाशित आहे. घरच्या गरिबीचं वर्णन नको. आधी फेसबुकवर किंवा गावच्या ग्रुपवर टाकू नका, बहुतेकांना अप्रकाशितच लागते. तीन-चार महिने वाट पाहून एकदा विचारा, मग दुसरीकडे. १९२३ मध्ये अमरावतीला स्थापन झालेल्या विदर्भ साहित्य संघाचं 'युगवाणी' हे नियतकालिक आहे, त्यांच्या शाखांचे कार्यक्रम तालुक्यांतही होतात. तिथे भाषणं ऐकायला नाही, माणसं भेटायला जा. आणि गावचं वाचनालय, 'ड' वर्गातलं का असेना, तिथे दिवाळीनंतर येणारे अंक आधी वाचा. कोण कशा कथा छापतं ते घरबसल्या कळतं.

पुस्तकाची घाई

दहा कथा झाल्या की फोन येतो. कुठून नंबर मिळतो देव जाणे. "तुमचा संग्रह काढू, फक्त तुमचा थोडा वाटा." मी एकदा वाटा दिला, एका एकरातल्या तुरीचे पैसे. नाव घेत नाही. प्रती माझ्याच गोदामात युरियाच्या पोत्यांशेजारी आल्या, दुकानात एकही गेली नाही. पैसे मागितले की विचारा: किती प्रती, कोण विकणार, न विकलेल्या कोणाच्या? 'आयएसबीएनचा खर्च' असं कोणी बिलात लावलं तर ओळखून घ्या, पुस्तकाच्या ओळखीचा तो क्रमांक भारतात फुकट मिळतो. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखकांच्या पहिल्या पुस्तकासाठी अनुदान योजना आहे, जाहिरात निघते तेव्हा अर्ज करावा. वेळ लागतो, पण तूर शाबूत राहते.

हक्काचं एवढं लक्षात ठेवा: १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे कथा लिहिली की तिचा हक्क तुमचाच, नोंदणी लागत नाही, आणि तो तुमच्या मागे साठ वर्षं तुमच्या वारसांकडे राहतो. हक्क देण्याचा करार करताना मुदत लिहून घ्या. मुदत लिहिलेलीच नसेल तर कायदा पाच वर्षं धरतो.

पुंडलिकची गोष्ट शेवटी मीच लिहिली. तो पोरगा नंतर आलाच नाही, पुण्याला कंपनीत लागला म्हणतात. ती एका दिवाळी अंकात आली, तेव्हा अंक गल्ल्यावर ठेवला होता. झिंक न्यायला आलेल्या एका म्हाताऱ्या कास्तकाराने उभ्या उभ्या अख्खी वाचली, चष्मा काढला आणि म्हणाला, "बाकी ठीक हाय. पन घागरमाय खुंटीले कोन ठेवते? उंदरं पट्टा खाते. डब्यात ठेवा लागते, झाकन लावून."

मी डायरी काढून लिहून घेतलं. झिंकचे पैसे त्याने उधारीवर लावायला सांगितले.